ताटावरची बातमी

सिद्रामअण्णांचं नाव निघालं की मला आधी त्यांचा डावा अंगठा आठवतो. उजवा हात आमटीत कुस्करलेल्या भाकरीत मनगटापर्यंत गेलेला, आणि डाव्या हाताचा अंगठा ताटाशेजारी ठेवलेल्या फोनवर टकटक, टकटक चाललेला. मध्येच बोटं चाटायची, ढेकर द्यायची आणि वर न बघता म्हणायचं, "हां, मग? पुढं?" ते दृश्य मी एकदाच पाहिलं. पण अजूनही कुणी जेवताना फोन ताटाजवळ ठेवला की माझा घास तोंडात फिरतो. आमच्या ह्यांनी एकदा ठेवला, तर मी तो उचलून सरळ तांदळाच्या डब्यात टाकला. ह्यांना वाटलं फोन भिजला म्हणून टाकला. दोन दिवस बिचाऱ्यांनी बाहेर काढला नाही.

अण्णा हयात आहेत, धडधाकट आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची मला गरज वाटत नाही. किळस येते म्हणजे येते. आणि ती सगळीच्या सगळी त्यांच्या एकट्याच्या वाट्याला जात नाही, हे मला ठाऊक आहे. तिथंही येते मी.

मी सोलापुरात साड्यांना फॉल-पिको करते. दिवसभर मशीनवर बसायचं, पाय चालू, हात चालू, डोकं रिकामं. लॉकडाउनमध्ये तेही बंद पडलं तेव्हा मी फोनवरच्या एका पाककृतींच्या ग्रुपात शिरले. तिथं माझ्यासारख्या बऱ्याच जणी आणि चारदोन पुरुष असे होते की ज्यांना पाककृतीशी काही देणंघेणं नव्हतं, नुसत्या गप्पा मारायच्या होत्या. आम्हाला तिथून हाकलून दिलं. मग नाशिकच्या कुमुदताईंनी, म्हणजे एका रिटायर्ड मुख्याध्यापिकेनं, हाकललेल्यांचा वेगळा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'आज काय झालं'. नियम एकच. आज आपल्या डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहायचं. आलेलं पुढं ढकलायचं नाही, फुलांची चित्रं नकोत, राजकारण नको. कुणाच्या गॅलरीत खारीनं घर केलं, कुणी चुकीच्या लग्नात जेवून आलं, कुणाच्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नूडल्स खाल्ले. बडोद्याचे, कोल्हापूरचे, एक बाई तर दुबईच्या, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण सकाळी उठून आधी तोच ग्रुप उघडायचा. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत त्या लोकांनी मला जगवलं.

आणि त्या सगळ्यांत राजा होते सिद्रामअण्णा. सोलापूरचेच. कुठल्याशा सोसायटीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. रोज दुपारी दीडच्या सुमाराला त्यांची बातमी पडायची, आणि लोक वाट बघत बसलेले असायचे. पाच मिनिटं उशीर झाला की चौकशी सुरू, "अण्णा, जेवण झालं नाही का अजून?"

काय एकेक लिहायचे! त्यांच्या मागच्या गल्लीत एक पिठाची गिरणी आहे, तिथं मालकाचा पोपट पिंजऱ्यात टांगलेला. दळण घ्यायला बायका आल्या की मालक म्हणायचा, "झालं न्हाई, मागनं या." पोपटानं ते उचललं. आता दळण होऊन डबा भरून ठेवलेला असला तरी दारात पाऊल टाकलं की पोपट ओरडतो, "मागनं या! मागनं या!" आणि नवीन बायका खरंच परत जातात. हे अण्णांनी लिहिलं तेव्हा दुबईच्या बाईंनी पोपटासाठी मिरच्या पाठवायची तयारी दाखवली होती.

मग ते हळदीचं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, चारपाच दिवसांनी येतं आणि कधी येईल ते देवालाच माहीत. एका घरात नवरीला हळद लावायला बायका बसल्या, गाणी सुरू झाली, आणि कुणीतरी ओरडलं, पाणी आलं! सगळ्या बायका उठल्या. करवल्या उठल्या. आणि नवरी? तीही उठली, अंगभर हळद, डोक्याला बाशिंगाची मापं घेतलेला दोरा तसाच, आणि दोन हातांत दोन घागरी. नवऱ्याकडचे लोक हळदीला आले तर नवरी नळावर भांडत होती. "पोरगी कामाची आहे," असं सासू म्हणाली, इथं अण्णांनी बातमी संपवली होती.

आणि शेळीचं. ते तर सगळ्यांना पाठ झालं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांकडं नंबरासाठी पुठ्ठ्याचे तुकडे देतात. कंपाउंडर चहाला गेला आणि एका शेळीनं चार ते अकरा नंबर खाल्ले. झालं, आठच्या आठ पेशंट म्हणायला लागले की चार नंबर माझाच होता. कुणी ताप दाखवतंय, कुणी पाय सुजलेला दाखवतंय. शेवटी एक म्हातारी उठली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "समदे नंबर शेळीच्या पोटात हायत न्हवं? मग आदी तिलाच आत घ्या." त्या दिवशी ग्रुपवर हसून हसून लोकांची वाट लागली.

मला अण्णांचं मोठं नवल वाटायचं. गिरणी, हळद, दवाखान्याचा बाक, पुरुषमाणसाला हे दिसतं कसं? आमच्या ह्यांना घरातले पडदे बदललेले आठ दिवस कळत नाहीत. मी ह्यांना अण्णांच्या बातम्या वाचून दाखवायचे आणि वर टोमणा मारायचे, "बघा, याला म्हणतात डोळे." आता आठवलं की लाज वाटते.

एकाच गावात असून भेट नाही, हे बरं दिसत नव्हतं. त्यात मला तो पोपट बघायचाच होता. फोन केला. अण्णा खूश, "या की, या की, जेवायच्या टायमालाच या." गेले. गावाबाहेर बाळे भागात एक बैठं घर, दारात बोगनवेल, आत झोपाळ्यावर अण्णा. गोरे, गुटगुटीत, कपाळाला ठसठशीत विभूती, इस्त्रीचा सदरा. बोलणं एकदम मऊ. कुठल्याही गोष्टीला हो नाही, नाही नाही. "बघू की. बघू की." पंखा लावू का? बघू की. चहा घेणार? बघू की.

मी म्हटलं, "अण्णा, आधी पोपट." ते जरा चपापले, पण उठले. चपला घालून मला घेऊन निघाले डाव्या हाताच्या गल्लीत. चाललो, चाललो. गल्ली संपली ती एका बंद गॅरेजपाशी. अण्णांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "हितंच तर हुती," म्हणाले. "बंद केली वाटतं." मी म्हटलं, परवाच तर तुम्ही लिहिलंत पोपटाला सर्दी झाली म्हणून. ते म्हणाले, "तेच की. तेव्हापासनं बंद असंल."

परत आलो तर दारात त्यांच्या बायको उभ्या. महादेवीअक्का. ठेंगण्या, सावळ्या, केसांत अर्धी पांढरी, गुडघा धरून चालणाऱ्या, आणि डोळे असे की समोरच्या माणसाच्या पदराचा सुटलेला टाकासुद्धा आधी दिसावा. माझा दिसला. म्हणाल्या, "फॉल लावनारीचाच फॉल उसवलाय की ओ ताई." आणि खळखळून हसल्या. मग नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "गिरनी ह्या बाजूला हाय. परसाकडच्या दारानं. ह्यांना काय ठावं? ह्ये कधी दळान घिऊन गेल्यात?"

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण माणूस एकदा कुणाला चांगलं म्हणून बसला की डोळ्यांवर कातडं ओढून घेतो.

मग अण्णा जेवायला बसले. मला अक्कांनी आत स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, तिथून माजघर समोर दिसत होतं. त्या घरात रीतच होती म्हणे, सासऱ्यांच्या काळापासून. घरातला पुरुष जेवायला बसला की बाईनं समोर उभं राहून वाढायचं आणि वाढता वाढता आज गल्लीत काय झालं ते सांगायचं. सासरे ऐकून हसायचे, मध्येच सुनेला म्हणायचे, "बरं टिपलंस गं." अण्णांनी रीत चालू ठेवली, फक्त शेजारी फोन ठेवला.

अक्का सांगायला लागल्या. कुणा बाईनं ऊन दाखवायला पापड गच्चीवर घातले, माकड आलं, आणि माकडानं एकेक पापड उचलून उलटा करून ठेवला, खाल्ला एकही नाही. सांगताना अक्का माकड झाल्या, त्या बाई झाल्या, खालून ओरडणारा शेजारीही झाल्या. हातात आमटीचा डाव तसाच. मी तोंडाला पदर लावून हसत होते. अण्णा हसले नाहीत. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. अंगठा टकटक, टकटक. "हां, मग? पुढं? माकडं किती? चार लिवतो. आमटी वाढ." एकदा फक्त म्हणाले, "सावकाश सांग की गं, चुकतंय माझं." जसं काही ती बाई तिथं त्यांच्या हाताखाली नोकरीला होती. जेवण संपलं, ताटातच हात धुतला, बातमी पाठवली. माझ्या पर्समध्ये माझा फोन वाजला. 'आज आमच्या गच्चीवर मी एक गंमत पाहिली...'

मी पाहिली! मला शिसारी आली. ताटातल्या त्या गढूळ पाण्याकडं बघवेना.

अण्णा मग झोपाळ्यावर पडले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या, गुडघा चोळत. हळूच विचारलं, "ताई, एक इचारू? ह्ये त्या फोनात माजंच लिवत्यात न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

"लोक वाचत्यात?"

"अण्णांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"म्हनत्यात, असत्यात दोनचार रिकामटेकडे." अक्कांचं शिक्षण अक्कलकोटकडचं, सातवीपर्यंत, कन्नड शाळेतलं. मराठी बोलायला पाण्यासारखी, पण वाचायला अडायची. "हसत्यात का वो कुनी?"

मी फोन काढला आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. कोल्हापूरच्या एका आजारी आजोबांनी लिहिलं होतं की दुपारच्या गोळीबरोबर अण्णांची बातमी लागते. दुबईच्या बाईंनी लिहिलं होतं की गावाकडची आठवण येऊन रडूही आलं आणि हसूही. शंभरावर माणसं. अक्का ऐकत होत्या, पदराचं टोक मुठीत. "अय्यो शिवा," एवढंच म्हणाल्या, दोनतीनदा. मग शेळीच्या बातमीपाशी आलो, म्हातारीचं वाक्य मी वाचलं, तर त्या एकदम थांबवून म्हणाल्या, "म्हातारी कुटली? मी म्हनलं की त्ये. माजा गुडगा दुकत हुता, मी गेल्ते. माजाच नंबर खाल्ला तिनं."

म्हणजे बायकोच्या तोंडचं वाक्यसुद्धा घेतलं, आणि तिला काढून तिथं कुणीतरी म्हातारी बसवली. का, तर बायकोचं नाव येऊ नये. इतका बारीक हिशेब!

मी उसळले. "अक्का, मी आत्ता लिहिते ग्रुपवर. सगळं सांगते."

त्यांनी माझा हात धरला. "नगं. तुमी नगं. त्येंनी सांगावं. लई न्हाई, येकदाच. 'माज्या बायकूनं सांगितलं' म्हनावं, चारचौघांत. बास. मामंजी म्हनायचे की मला, बरं टिपलंस म्हनून. ह्ये कधीच म्हनले न्हाईत."

एवढंच हवं होतं त्या बाईला. साडी नको, दागिना नको. एक वाक्य.

निघताना अण्णांना मी दारात गाठलं. म्हटलं, "अण्णा, वहिनींचं नाव घाला की बातमीत." ते मऊ हसले. "बायकांचं बोलणं म्हंजे कच्चा माल हो शोभाताई. मसाला आमी घालतो, तवा कुठं चव येती." मी म्हटलं, मसाल्याचं राहू द्या, एकदा नाव घ्या. तर म्हणाले, "बघू की. बघू की."

संधी लवकरच आली. संक्रांतीच्या आसपास कुमुदताईंनी ठरवलं की इतकी वर्षं झाली, आता सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं. आणि भेटायचं कुठं, तर अण्णांच्या सोलापुरात, हुरड्याला. ग्रुपातल्या एकांचं मंद्रूपला शेत होतं. आणि तिथं अण्णांचा सत्कार करायचा. मी अण्णांना फोन केला. स्पष्ट सांगितलं, सत्काराला उत्तर देताना एवढं एक वाक्य बोला, अक्का समोर असतील, त्यांना बरं वाटेल. "बघू की," म्हणाले. आणि अक्कांना मी, मूर्खासारखी, सांगून बसले की अण्णा बोलणार आहेत. त्यांनी ठेवणीतली इरकल काढली. मीच तिला नवीन फॉल लावून दिला.

शेतात तीसेक माणसं जमली. आगटी पेटलेली, हिरवी कणसं भाजून हातावर चोळून देत होते, गूळ, दही, आणि अक्कांनी स्वतः कुटलेली शेंगाची चटणी. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, "अय्या, तुम्ही फोटोत केवढ्या उंच वाटता!" असलं चाललेलं. अण्णांभोवती तर गर्दी. सत्कार झाला. बाहेरून आलेल्यांनी सोलापूरच्या माणसाच्या अंगावर सोलापुरी चादर घातली, तीही सोलापुरात घेतलेली. अण्णांनी ती दिवसभर, उन्हातसुद्धा, काढली नाही.

बडोद्याच्या एका काकांनी विचारलं, "अण्णा, तुम्हाला एवढं दिसतं कसं?"

अक्का दोन हात अंतरावर कणीस चोळत होत्या. हात थांबले. मी त्यांच्याकडं बघत होते.

अण्णा म्हणाले, "निरीक्षण. डोळे उघडे ठेवायचे, बास."

बरं, मला वाटलं, भाषणात म्हणतील. मग सगळे मागं लागले, शेळीचं सांगा, शेळीचं सांगा, तुमच्या तोंडून ऐकायचंय. अण्णा उभे राहिले. आणि त्यांना सांगता येईना! "एक शेळी हुती... दवाखान्यात आली... नंबर हुते ते खाल्ले तिनं. मग पेशंट लोकांची पंचाईत झाली. अशी गंमत." आणि बसले. शेवटच विसरले. लोक एकमेकांकडं बघून उगाच हसले.

अक्कांना राहवलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अवो, खरं तर ऱ्हायलंच की!" आणि उठून, गुडघा धरून, कंबरेवर हात ठेवून त्यांनी सांगितलं. ताप दाखवणारा माणूस, सुजलेला पाय, कंपाउंडरचा चहाचा कप, आणि मग ते वाक्य. माणसं लोळायची बाकी राहिली. बडोद्याच्या काकांच्या हातातला हुरडा सांडला. अक्कांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. हसू ओसरायच्या आत त्या म्हणाल्या, "आनि त्ये म्हननारी म्हंजी मीच—"

"गप गं," अण्णा म्हणाले. मऊ आवाजातच. मग लोकांकडं वळून, चादर सारखी करत, "घरी येऊन मीच सांगितलं हुतं हिला. तेच पाठ केलंय बघा. जा, आगटीकडं बघ जा, कणसं जळाय लागल्यात."

सगळे हसले. आणि आमच्या कुमुदताई, तीसेक वर्षं मुलांना खरंखोटं ओळखायला शिकवलेल्या, कौतुकानं म्हणाल्या, "वा वहिनी! अण्णांच्या संगतीनं तुम्हीही छान सांगायला लागलात हं!" आणि टाळ्या.

अक्कांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

माझ्या तोंडात हुरडा होता. बघा, हेच ते. माझी सबब एवढीच आहे. मी तो चावत राहिले. गिळून बोलायला कितीसा वेळ लागतो? पण समोर तीस आनंदी माणसं, इतक्या लांबून आलेली, कशाला रंगाचा बेरंग, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी खाली मान घालून चावत राहिले. अण्णांची किळस मला येते म्हटलं ना, तर त्या हुरड्याचीही येते. त्यानंतर मी हुरडा खाल्लेला नाही.

अक्का आगटीकडं गेल्या. कणसं काही जळत नव्हती.

त्यानंतर आठवडाभर दीड वाजला तरी बातमी पडेना. मग एक दिवस पडली, सूर्योदयाचा फोटो. दुसऱ्या दिवशी बोगनवेलीचा फोटो. तिसऱ्या दिवशी एका म्हशीनं बसची तिकिटं खाल्ल्याची बातमी, ती वाचून कुणीच काही बोललं नाही. मग अण्णांचा मला फोन. आवाज रडवेला. "शोभाताई, हिला काय झालंय कळंना बघा. भाकरी गरम मिळती, मीठ बरोबर असतं, उभी राहून वाढती. पण बोलतच न्हाई. आज काय झालं म्हणून विचारलं की म्हणती, काय न्हाई. रोज तेच. असं कसं काय न्हाई हो? गल्लीत कायतरी घडत असंलच की!"

मी म्हटलं, "मग जाऊन बघा की अण्णा. डोळे उघडे ठेवायचे, बास."

त्यांना टोमणा कळलासुद्धा नाही. "कुठं जाऊ?" म्हणाले. "नक्की कुठं घडतं हे समदं?"

पुढं ते साखर कमी करायचे उपाय आणि फुलांची चित्रं पाठवायला लागले. ज्या ग्रुपातून दुसऱ्या कुणाला कुमुदताईंनी एका फुलाबद्दल काढून टाकलं असतं, त्याच ग्रुपात अण्णांना मात्र सगळे विचारत होते, "अण्णा, तब्येत बरी आहे ना? काळजी घ्या." नमस्काराचे हात, हृदयं, रांगच्या रांग. ते बघून माझं डोकं फिरलं. मी लिहिलं. सगळं लिहिलं. पोपट, हळद, शेळी, माकड, ताट, अंगठा. मंद्रूपला त्यांनी केलं काय आणि मी गप्प बसले कशी, तेही लिहिलं. पाठवलं आणि फोन मांडीवर घेऊन बसले.

पहिला आला एक अंगठा. मग जोडलेले हात. मग बडोद्याचे काका, "शेवटी दोघं एकच ना! नवराबायकोचं तुझं-माझं काय असतं!" कुमुदताई म्हणाल्या, "पण अण्णांनी लिहिलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं, हेही विसरता कामा नये." अण्णांनी स्वतः काय पाठवलं असेल? हसरा चेहरा. आणि दहाव्या मिनिटाला एका बाईंनी थालीपिठाचा फोटो टाकला आणि सगळे थालीपिठाकडं गेले.

थू! मी त्याच मिनिटाला ग्रुप सोडला. इतकी वर्षं ज्यांना मी माझी माणसं समजत होते ती ही.

तरी अक्कांना तोंड दाखवायचं राहिलं होतं. गेले त्यांच्याकडं, अण्णा झोपलेले बघून. सांगितलं की मी लिहिलं, आणि लोक काय म्हणाले तेही लपवलं नाही. आणि म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." त्या शेंगा सोलत होत्या. "व्हय," म्हणाल्या. "बोलाय पायजे हुतं." उगाच समजूत घातली नाही. मग आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढून म्हणाल्या, "जाऊ द्या त्ये फोनातलं. तितं मानसं न्हाईत ओ ताई, नुसते अंगठे हायत. माकडाचं गिरनीत सांगितलं की पीठ सांडंस्तवर हसत्यात बाया. मला बगून हसत्यात. बरं हाय की हितं."

तेव्हापासून मी जोंधळे दळायला त्याच गिरणीत जाते. माझ्या घरापासून दोन रिक्षा बदलाव्या लागतात. आमचे हे म्हणतात, दळण आहे का यात्रा आहे? पण मी जाते. अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते तिथंच, गेल्या महिन्यात.

दुपारची बाराची वेळ. गिरणी चालू, पाचसहा बायका डबे घेऊन रांगेत, पिंजऱ्यात पोपट. अक्का पोत्यावर बसून सांगत होत्या. कुणाच्या तरी घरी पाहुणे बघायला आले आणि मुलीऐवजी तिच्या आत्यालाच पसंत करून गेले, असलं काहीतरी. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून, हातवारे करून. गिरणीवाल्यानं दळण मध्येच थांबवलं, ऐकायला. तेवढ्यात एका बाईनं खुणावलं. दारात अण्णा उभे.

हातात रिकामा डबा. धुतलेला, कोरा, बायकोच्या मागनं आणलेला. खरोखरचं दळण आणायला सुचलं नव्हतं, नुसता डबा. दुसऱ्या हातात फोन, अंगठा तयार. गिरणी त्यांना अखेर सापडली होती.

अक्का थांबल्या. वाक्याच्या मध्येच. बायका थांबल्या. कुणी डबा बघायला लागलं, कुणी नखं. गिरणीवाल्यानं पट्टा पुन्हा चालू केला.

"मागनं या!" पोपट ओरडला.

अण्णा ओशाळं हसले. "चालू द्या की, चालू द्या," म्हणाले. सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत. "काय सांगत हुतीस गं? काय झालं?"

"काय न्हाई," अक्का म्हणाल्या. "पीठ झालं." त्यांनी डबा कंबरेवर घेतला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि अण्णांच्या शेजारून, पदर न लागू देता, निघून गेल्या. जेवायची वेळ होत आली होती आणि भाकरी त्यांनाच थापायची होती.

अण्णा तिथंच उभे राहिले. एकीला विचारलं, तिनं पदर सारखा केला. दुसरीला विचारलं, ती म्हणाली, आमाला काय ठावं. मला विचारायला वळले, तर मी तोंड फिरवून पिशवीतले जोंधळे चाचपायला लागले. शेवटी ते पायऱ्या उतरले. दहा पावलं गेले असतील, तोवर मागं गिरणीत एक बाई न राहवून म्हणाली, "आत्याच पसंत केली की गं!" आणि सगळ्या फुटल्या. त्या हसण्यानं अण्णा गर्रकन वळले. रस्त्याच्या मधोमध, काखेत रिकामा डबा, तोंडावर सगळ्यांबरोबर हसायची तयारी, आणि फोनवर तो डावा अंगठा, नुसताच वर धरलेला.

कुणी त्यांना काही सांगितलं नाही. मीही नाही.